दोन कॉकपिटांचं विमान

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बोलवा आहे की माझा मामा हवाई दलात होता, त्याने एक विमान पाडलं, त्यात दोन माणसं गेली आणि म्हणून त्याला कायमचं घरी बसवलं. ही बोलवा तळमजल्यावरच्या कंपाउंडरने उठवली. दवाखाना बंद असला की हा माणूस जिन्यात उभा राहून लोकांना आजार वाटतो, आणि आजार संपले की बातम्या. मामाच्या खिडकीतून "गेले, दोघंही गेले" असं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय म्हणे, तेही आठवड्यातून चार-पाचदा. "मनावर परिणाम झालाय. झोपेत आठवतं त्यांना," हे त्याचं निदान. दुपारचे तीन, खिडक्या सताड उघड्या, आणि मामा झोपेत. कंपाउंडरच्या पुड्या खाऊन जे बरे झाले ते लोक मुळातच चिवट असले पाहिजेत.

आता खरं काय ते. मामा जन्मात विमानात बसलेला नाही. विमानतळावर एकदाच गेला होता, मावशीला सोडायला. तिथे पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाला गाडी रिव्हर्स कशी घ्यायची ते समजावत बसला, आणि मावशी एकटीच बॅगा ओढत आत गेली. विमानं मात्र त्याने पाडली आहेत, आणि एकच पाडलं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गेल्या महिन्यापर्यंतचा आकडा दोनशे अकरा. गेलेली माणसं चारशे बावीस. सगळी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात, घरबसल्या, पायात मोजे घालून.

मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. सव्वीस वर्षं शिकवलं, म्हणजे सव्वीस वर्षं त्याने गाडी चालवली नाही. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर बसतो आणि शिकवणारा शेजारी. शेजारच्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. लोक चालवायचे, मामा थांबवायचा. त्याच्या डोक्यात जगाची वाटणी अशी पक्की झालेली आहे: एक चालवणारे आणि एक थांबवणारे, आणि जग आजवर टिकलं ते दुसऱ्या जातीच्या माणसांमुळे.

त्याचं बोलणंही त्या सीटवरच तयार झालं. हनुवटी वर, मान ताठ, डोळे समोरच्या काचेवर, मग ती काच असो वा नसो. "आरसा." एवढंच म्हणतो आणि थांबतो. मग, "आरसा बघितला का आपण? नाही बघितला. आपल्याला घाई आहे का? नाही. मग?" समोरचा एकटा असला तरी तो "आपण". मामी गरम पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून जरा भरभर निघाली की टेबलाखाली त्याचा उजवा पाय खाली दाबला जातो. मी हे सगळं करून दाखवायचे. आई हसून हसून डोळे पुसायची आणि वर म्हणायची, "मोठा आहे गं तो, असं करू नये." पण आधी पूर्ण होऊ द्यायची.

त्या उजव्या पायानेच घात केला. सव्वीस वर्षं दाबून दाबून गुडघा झिजला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून विचारलं, "खेळाडू होतात का?" मामा म्हणाला, "शिक्षक." स्कूलच्या मालकाने त्याला सकाळी चार तास फॉर्म भरायला बसवलं. त्याच सुमारास मालकाने शिकाऊ लोकांसाठी आणलेला मोठा पडदा आणि कॉम्प्युटर अडगळीत पडला होता, कारण त्याच्यासमोर बसून दोघांना ओकाऱ्या झाल्या होत्या. ते धूड त्याने मामाला देऊन टाकलं. मामाला तो सत्कार वाटला.

त्यात हा खेळ मात्र मी घालून दिला. सुट्टी होती आणि मला गंमत बघायची होती. एवढा एक गुन्हा माझ्या नावावर आहे.

खेळ असा: एका मोठ्या शेडमध्ये सुटे भाग ठेवलेले असतात, पंख, टाक्या, इंजिनं, चाकं. त्यातून आपण आपलं अवकाश-विमान जुळवायचं. ते साध्या विमानासारखं धावपट्टीवरून उडालं पाहिजे, हवा संपते त्याच्याही वर गेलं पाहिजे, पृथ्वीभोवती एक फेरी मारली पाहिजे आणि परत येऊन आपल्या चाकांवर उतरलं पाहिजे. आत बसायला गोल डोक्याचे, बटाट्यासारख्या चेहऱ्याचे छोटे वैमानिक असतात. ते संकट आलं की दात दाखवतात. मामाच्या विमानांत त्यांचे दात कधी झाकलेच गेले नाहीत.

पहिलं विमान अकरा दिवस जमिनीवरच होतं. मामा ते धावपट्टीच्या टोकापर्यंत न्यायचा, नीट वळवायचा आणि परत आणायचा.

"मामा, स्पीड वाढव. चाळीसवर विमान उडत नाही."

"शिकाऊ गाडी चाळीसच्या वर न्यायची नसते."

"ही गाडी नाही."

"चाकं आहेत ना?"

बाराव्या दिवशी चुकून त्याचं कोपर एका बटणावर पडलं आणि विमान उडालं. मामा खुर्चीत मागे सरकला, टेबलाखालची फळी दाबत राहिला आणि विमान समुद्रात गेलं. ही फळी त्याने स्वतः तिरकी ठोकून घेतलेली आहे. शेजारच्या सीटवरचा ब्रेक जिथे असायचा, बरोब्बर तिथे. ती कशालाच जोडलेली नाही. खेळातला खरा ब्रेक कीबोर्डावर आहे, एका अक्षराच्या बटणावर. हे मी त्याला निदान तीस वेळा सांगितलंय. तो मान हलवतो आणि फळी दाबतो.

आणि ते दुसरं कॉकपिट. विमानाला एक कॉकपिट लागतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मामाने पहिल्या विमानापासून दोन बसवली.

"मामा, एक पुरतं."

"आणि शेजारी कोण बसणार?"

"कोणीच नाही."

"म्हणजे हा एकटा चालवणार?"

"वैमानिक आहे तो."

"लायसन्स बघितलंस त्याचं?"

खेळात दोन कॉकपिटं शेजारी-शेजारी बसेनात, म्हणून मामाने दुसरं टाकीच्या मागे, इंजिनाजवळ लावलं. वजन चार टन, उपयोग शून्य. ते चार टन वर न्यायला मोठी इंजिनं, मोठ्या इंजिनांना मोठ्या टाक्या, आणि त्या सगळ्यावर पंखाला लाल रंगात शिकाऊ गाडीची "एल" पाटी. ते विमान असं दिसायचं की सापाने दोन उंदीर गिळलेत आणि दुसरा शेपटीत अडकलाय.

हा खेळ खेळणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात मी मामाला घातलं, तेही गंमत म्हणूनच. साठ-सत्तर माणसं, झाडून सगळी तज्ज्ञ. त्यांचा म्होरक्या स्वतःला "प्रोपेलर" म्हणवून घेतो. बोलणं असं की पृथ्वी फिरते ती याने धक्का दिल्यामुळे. मामाने विमानाचा फोटो टाकल्यावर त्याने लिहिलं, "काका, हे विमान आहे की शेअर टॅक्सी?" खाली साठ हसरे चेहरे. मामाने पाऊण तास एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं: "आपला अभिप्राय मिळाला. दुसरी सीट काढता येणार नाही. कळावे." त्या दिवसापासून ग्रुपवर प्रत्येक जण "कळावे" म्हणूनच संपवतो. मामाला वाटतं, आपल्यामुळे तिथे शिस्त आली.

विमान वर जायचं. कबूल करावं लागेल, एवढ्या इंजिनांनी आमची बिल्डिंगही गेली असती. एक फेरीही मारायचं, आणि त्या फेरीत मामा खांद्यावरून मागे बघून घ्यायचा, अवकाशात मागून कोणी येत नाही ना म्हणून. घोटाळा परतताना व्हायचा. वर जाताना टाक्या भरलेल्या असतात, तोवर तोल ठीक असतो. परत येईपर्यंत त्या रिकाम्या होतात, पुढचा भाग पोकळ डब्यासारखा हलका होतो, आणि मागे इंजिनं आणि ते दुसरं कॉकपिट तसंच जड राहतं. दाट हवा लागली की जड शेपूट पुढे यायला बघते. विमान उलटं फिरतं, भिरभिरत खाली येतं आणि त्याचे तुकडे होतात. "गेले, दोघंही गेले," मामा म्हणायचा, आणि खाली कंपाउंडर जिन्यात कान टवकारायचा.

मग मामा कार्ड लिहायचा. स्कूलमधून आणलेली जुनी हजेरीची कार्डं आहेत त्याच्याकडे: पाठ क्रमांक, तारीख, शेरा. एकशे सदतिसावं मी वाचलंय. "चढण उत्तम. वळण समाधानकारक. परतीत शेपूट पुढे. विद्यार्थी घाबरला. दोघंही गेले. पुन्हा समजावून सांगणे." कोणाला सांगणे, ते लिहिलेलं नाही.

हे सगळं चालायचं मामा-मामीच्या घरातल्या एकुलत्या एका बऱ्या खोलीत. दोन खोल्यांचं घर. एक आतली, काळोखी, तीत पलंग आणि कपाट. दुसरी ही, मोठ्या खिडकीची. मामी कपडे शिवते. तिचं मशीन तेव्हा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात, दिव्याखाली. माप द्यायला आलेल्या बायका जिन्यात उभ्या राहायच्या आणि कंपाउंडर तिथून हलायचा नाही. मामी बोलते कमी, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या असतात. टाचण्या काढून बोलायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

महिन्यापूर्वी एका सोमवारी तिने टाचण्या काढल्या. मी तिथेच जेवत होते.

"अहो, हॉस्पिटलचं काम आलंय. चाळीस कोट. पुढच्या सोमवारपासून कापायला घ्यायचेत. मला ही खोली पाहिजे."

"ही खोली?" मामाने तिसरी खोली शोधत असल्यासारखं इकडे-तिकडे पाहिलं.

"ही. कापड पसरायला जागा लागते आणि बघायला उजेड. बोळात पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नाही मला. परवा बोटात सुई गेली."

"मग कॉम्प्युटर कुठे जाणार?"

"स्कूलच्या गोडाउनमध्ये. आला तसा."

सकाळचे चार तास मामा दुसऱ्यांचे फॉर्म भरतो, नाव, पत्ता, रक्तगट. बाकीच्या दिवसात त्याला "शेजारच्या सीटवर" बसायला मिळायचं ते फक्त इथे. खोली गेली की तेही जाणार, एवढं त्याला कळलं. मग त्याने तीच हनुवटी वर केली.

"काम अर्धवट टाकून गाडी सोडायची नसते. एकदा विमान वर जाऊन सुखरूप परत येऊ दे."

"सहा महिने झाले."

"शिकायला काही जणांना वेळ लागतो."

मामीने टाचण्या ताटलीत ठेवल्या. "बरं. रविवारी जेवायच्या आत ते वर गेलं, एक फेरी मारली आणि तुमचे ते दोघं जिवंत खाली आले, तर खोली तुमची. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कोट कापीन. नाही आले तर मी स्वतः वायरी काढीन."

"दोघं जिवंत," मामा म्हणाला. त्याने ते कार्डावर लिहून घेतलं.

त्या आठवड्यात मामाने जे केलं ते बघून ग्रुपमधल्या लोकांना पोट धरून हसता आलं, आणि मी त्यात सगळ्यात पुढे होते. प्रोपेलरने लांबलचक समजावून सांगितलं होतं: मागचं कॉकपिट काढा, विमान हलकं होईल. मीही तेच सांगत होते. मामाने मंगळवारी दुपारी ते मागचं कॉकपिट खरंच काढलं. मला वाटलं, देव पावला. मग त्याने ते उचलून विमानाच्या पार नाकावर, शिकाऊ वैमानिकाच्याही पुढे नेऊन बसवलं.

"हे काय?"

"सहा महिने चूक करत होतो," मामा गंभीरपणे म्हणाला. "शिकवणाऱ्याला रस्ता दिसला पाहिजे. तो मागे बसतो का कधी? मागे सासू बसते."

"मामा, नाक जड होईल. उडणारच नाही ते."

आणि नाहीच उडालं. धावपट्टी संपेपर्यंत नाक जमिनीला चिकटून, आणि मग सरळ समुद्र. मंगळवारी दोन, बुधवारी तीन. प्रोपेलरने लिहिलं, "काका, पाणबुडीचा ग्रुप वेगळा आहे. कळावे." मी तो मेसेज मामाला मोठ्याने वाचून दाखवला, प्रोपेलरच्या आवाजात. आवाज मी कधी ऐकलेला नाही, पण अशा माणसांचा आवाज नाकातूनच येतो.

बुधवारीच पैज लागली. मी मामासमोर त्याची नक्कल केली, फळी दाबण्यासकट. मामी बोळातून हसली, आणि ते मामाला लागलं असावं.

"पैज लावतेस?" तो म्हणाला.

"लावते. नाही उतरलं तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी तुझी नक्कल करणार, आणि तू पहिल्या रांगेत बसून बघायची."

"आणि उतरलं तर एक वर्ष नक्कल बंद."

"पूर्ण बंद?"

मामाने कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला बसला. नीट आठवून आठवून लिहिलं: आवाज नाही, हनुवटी नाही, उजवा पाय नाही. खाली दोघांच्या सह्या. मी सही करताना मनातल्या मनात स्टेजवरची खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवत होते.

गुरुवारी मामाने नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे पंख लावले. ते कानांसारखे दिसत होते. का लावले विचारल्यावर म्हणाला, "आरसे." बाहेरच्या बाजूला आरसे नसलेली गाडी त्याला नागडी वाटते. त्या आरशांनी नाक थोडं उचललं, म्हणजे विमान समुद्रात जरा पुढे जाऊन पडलं. शुक्रवारी-शनिवारी तेच. शनिवारी संध्याकाळी आकडा दोनशे अकरावर होता, आणि मामी खिडकीपासून दारापर्यंतचं अंतर टेपने मोजत होती. मामाने ते पाहिलं आणि पाय वर घेऊन तिला टेप पसरू दिली.

रविवारी साडेदहाला आम्ही खोलीत होतो. आई मुद्दाम वरच्या मजल्यावरून खाली आली होती. मामी दारात, ओठांत टाचण्या, हातात वायरी बांधायची सुतळी. मामाने स्वच्छ शर्ट घातला होता. लायसन्सच्या टेस्टच्या दिवशी तो तसा घालायचा. पास व्हायचे ते दुसरेच, पण शर्ट हा घालायचा.

"आरसा," मामा म्हणाला. "सीट. हँडब्रेक. घाई नाही."

या वेळी त्याने धावपट्टीच्या अगदी मागच्या टोकावरून सुरुवात केली. गाडी चढावर न्यायची तर मागून वेग घेऊन यायचं, हे तो सव्वीस वर्षं सांगत आलाय. ते विमानाला लागू पडतं, हे त्याला सहा महिन्यांनी सुचलं. शेवटच्या क्षणी त्या कानांनी नाक उचललं. चाकं सुटली. आई म्हणाली, "अगं बाई, गेलं की."

वर जायला वीस मिनिटं लागली. त्यात मामाने एकदाही पाठ टेकली नाही. फेरी पूर्ण झाली. टाक्या जवळजवळ रिकाम्या. मला पुढचं पाठ होतं: आता लाल होणार, मग शेपूट डगमगणार, मग भिंगरी, मग "दोघंही गेले". मी हनुवटी वर करून तयारच बसले होते, ते वाक्य त्याच्याबरोबर म्हणायला.

विमान हवेत शिरलं. पंख लाल झाले. बटाट्यांनी दात दाखवले. शेपूट एकदा डावीकडे गेली, आणि परत आली. उजवीकडे गेली, आणि परत आली. नाकावरचं ते चार टनांचं, सगळ्या ग्रुपने नावं ठेवलेलं दुसरं कॉकपिट विमानाला असं खाली खेचत होतं की शेपटीला पुढे यायला जागाच राहिली नाही. मला तेव्हा कळलं. प्रोपेलरला कळलं नव्हतं, ग्रुपला कळलं नव्हतं, आणि मामाला तर अजून कळलेलं नाही. त्याला फक्त शिकवणाऱ्याला रस्ता दाखवायचा होता. माझं ऐकून त्याने ते काढून टाकलं असतं, तर शेपटीत नुसती इंजिनं आणि पुढे नुसता पोकळ डबा राहिला असता, आणि ते आधीच्या सगळ्यांसारखंच गेलं असतं. गॅदरिंग माझं झालं असतं.

"हळू," मामा वैमानिकाला सांगत होता. "आपण छान चाललोय. समोर बघा."

धावपट्टी दिसायला लागली. आता माझी एकच आशा उरली होती, ती म्हणजे ब्रेक. एवढ्या जड नाकाचं विमान, पुढच्या चाकांना ब्रेक लागला की नाकावर उभं राहणार आणि पहिला जाणार तो शिकवणारा. चाकं टेकली. मामाने ब्रेक दाबला.

फळीचा. दोन्ही हात टेबलाच्या कडेला, पाय सरळ, सगळं अंग मागे, गुडघा करकरला. "गुडघा, अहो, गुडघा," मामी दारातून म्हणाली. मामाने फळी सोडली नाही. ती कशालाच जोडलेली नव्हती, त्यामुळे विमानाला काहीही झालं नाही. ते आपल्या वेगाने धावपट्टीवरून धावलं, जरा डावीकडे सरकलं, गवतात उतरलं, गवतातून हळूहळू हळूहळू जात राहिलं आणि एका कुंपणाच्या हातभर अलीकडे आपलं आपण थांबलं. मामाने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला ब्रेक न लावता थांबू दिलं, आणि ते त्याला माहीतही नव्हतं. बटाट्यांनी दात झाकले.

मी लगेच बोलले.

"धावपट्टीवर नाही उतरलं. गवतात गेलं. चालणार नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने मामीकडे पाहिलं. सगळी खोली तिच्या शब्दावर होती. कोट तिचे, सुई लागलेलं बोट तिचं, खिडकी तिला पाहिजे होती. ती नुसतं "गवत" म्हणाली असती तरी पुरे होतं.

मामीने टाचण्या एकेक करून काढल्या. पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला आणि बोट लावून मोजलं.

"हा एक. आणि हा पुढचा. दोघं आहेत." मग माझ्याकडे वळली. "धावपट्टीचं मी काही बोलले नव्हते. बोलले होते का?"

"नाही."

"मग झालं." आणि सुतळी गुंडाळत स्वयंपाकघरात गेली. जमिनीवर चादर अंथरल्याचा आवाज आला.

मामाने कार्ड काढलं. "पाठ २१२," त्याने लिहिलं, आणि शेऱ्याच्या जागी बराच वेळ पेन धरून बसला. शेवटी लिहिलं, "पास." मग हनुवटी वर करून म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, दोन सीट पाहिजेत." जणू काही हिशोब करून केलं होतं सगळं. मी फोटो ग्रुपवर टाकला. प्रोपेलरने उत्तर दिलं, "फोटो एडिट केलेला दिसतो." खाली "कळावे" लिहायला या वेळी तो विसरला.

संध्याकाळी मामाने टेबल फिरवलं. खिडकीपासून ओढून भिंतीकडे नेलं, एकट्याने, लंगडत. खिडकीची अख्खी बाजू मोकळी झाली.

"हे काय करताय?" मामीने विचारलं.

"पडद्यावर उजेड येतो," मामा म्हणाला. "डोळे दुखतात."

सहा महिने त्याच उजेडात बसून दुखले नव्हते. मामीने मशीन आणून खिडकीखाली लावलं, आणि कोटांच्या कापडाचा गठ्ठा त्याच्या खुर्चीला टेकवून ठेवला.

आता दुपारभर दोघं शेजारी-शेजारी बसतात. ती मशीन मारते, तो विमानं पाडतो, कारण दोनशे तेरापासून पुन्हा पाडायला लागलाय. कोटाच्या कॉलरचं वळण आलं आणि मशीनचा आवाज वाढला की मामाचा पाय फळीवर दाबला जातो. "हळू," तो समोर बघत म्हणतो. "वळण आहे. आरसा." टाचण्या ओठांत धरून मामी म्हणते, "माझं मशीन आहे, गाडी नाही." तो मान हलवतो आणि पुढच्या कॉलरला पुन्हा दाबतो.

हे सगळं माझ्यासमोर चालतं, रोज, जेवताना. आई वरून येते, माझ्याकडे बघते आणि वाट पाहते. मी गप्प जेवते. गॅदरिंगमध्ये मी समूहगीतात तिसऱ्या रांगेत उभी राहिले. पहिल्या रांगेत मामा बसला होता, स्वच्छ शर्टात, आणि मी हनुवटी खाली धरून आहे ना याच्यावर त्याचं बारीक लक्ष होतं. अजून अकरा महिने आणि चार दिवस आहेत. कार्ड त्याने पडद्याच्या वर चिकटवलंय: आवाज, हनुवटी, उजवा पाय. लिहिण्याबद्दल कार्डावर काही नाही, मी दोनदा वाचून बघितलं.